लळा आणि मालकी

उपयोगासाठी किंवा सोबतीसाठी माणसाने आपल्या आश्रयाला ठेवलेला प्राणी म्हणजे पाळीव प्राणी, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. परंतु हा आश्रय नेमका कुणी द्यायचा आणि तो मध्येच सुटला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न या व्याख्येत मोकळाच राहतो. कुत्र्यामांजरांच्या सहवासातला आनंद या प्रश्नाचे उत्तर न देताही भरपूर मिळत राहतो. दुःखे मात्र, काही अटळ दुःखे वगळता, फिरून फिरून याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. लळा लागायला मालकी लागत नाही, पण लस टोचायला, रात्री अडीच वाजता दवाखाना शोधायला आणि शेवटी खड्डा खणायला कुणीतरी एक माणूस लागतो. प्रस्तुत प्रकरणात या दोन गोष्टींमधील अंतराचा विचार वर्धा जिल्ह्यातील सावंगी (मेघे) आणि तिच्या परिसराच्या संदर्भात केला आहे.

वर्धा शहराभोवतीच्या सावंगी, पिपरी, बोरगाव, सिंदी, उमरी अशा अनेक गावांच्या नावापुढे कंसात ‘मेघे’ लिहिले जाते आणि नवख्या माणसाचा त्यामुळे हमखास गोंधळ उडतो. त्यांपैकी यवतमाळ मार्गावरील सावंगी ही मुळात शेतकऱ्यांची वस्ती होती. १९९० मध्ये तेथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिल्यावर तिचे रूप पालटले. आज या एकाच परिसरात जनावरांशी असलेली तीन प्रकारची नाती शेजारी शेजारी नांदतात. जुन्या घरांच्या मागे गोठा आणि त्यात बैलजोडी किंवा एखादी गाय असते; नोकरदारांच्या नव्या घरांत लॅब्राडोर, पॉमेरेनियन किंवा पग असतो; आणि वसतिगृहांच्या व भाड्याच्या खोल्यांच्या आसपास, पाच-सहा वर्षांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी दूध-बिस्किटांवर वाढवलेली, नाव असलेली पण घर नसलेली कुत्री असतात. पहिल्या नात्याला परंपरेचे नियम आहेत, दुसऱ्याला बाजाराचे आहेत, आणि तिसऱ्याला कालपरवापर्यंत फारसे कोणतेच नव्हते.

पहिल्या नात्याचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण मराठी समाजाने जनावरावरील प्रेम आणि त्याच्याविषयीची जबाबदारी यांची सांगड कशी घातली होती, हे त्यावरून कळते. वर्धा जिल्हा हा गवळाऊ या गोवंशाच्या मूळ प्रदेशांपैकी एक. पांढऱ्या रंगाची, सडपातळ बांध्याची आणि चालीला वेगवान अशी ही जात ओढकामासाठी नावाजलेली होती. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात राजकारणातून अंग काढून घेऊन वर्ध्याजवळच्या गोपुरीत गोसेवेला वाहून घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते याच कामात होते. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांची खांदशेकणी होते, म्हणजे जू वाहून घट्टे पडलेला खांदा हळद आणि तूप लावून शेकला जातो आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते; पोळ्याच्या दिवशी बेगडी शिंगे आणि पाठीवर झूल घेऊन ते तोरणाखाली उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक पदे, म्हटल्या जातात, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी ओढत घरोघर फिरतात. या सगळ्या सोहळ्यात भावना आहे, तशीच वर्षातून एकदा जनावराचा खांदा नीट तपासण्याची सोयही आहे. गोठ्यातला बैल गेला तर शेजारीपाजारी येऊन बसतात, कारण घराचे किती नुकसान झाले हे सर्वांना कळते. घरातला कुत्रा गेला तर मात्र कुणी येत नाही.

वास्तविक कुत्र्याशी असलेले माणसाचे नाते बैलाहून कितीतरी जुने आहे. १९१४ मध्ये जर्मनीत बॉन शहराजवळच्या ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एका कुत्र्याचे अवशेष होते. २०१८ मध्ये लुक यान्सेन्स या पशुवैद्य संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कुत्र्याच्या दातांवरील खुणा पुन्हा तपासल्या, तेव्हा असे दिसले की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला सुमारे पाचव्या महिन्यापासून डिस्टेंपर, म्हणजे ताप, उलट्या, जुलाब आणि झटके आणणारा विषाणुजन्य रोग झाला असावा. या आजारात पिल्लू काही आठवडे जगले. असे आजारी पिल्लू शिकारीला किंवा राखणीला निरुपयोगी असते. त्याला कुणी तरी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय आणि घाण पुसल्याशिवाय ते इतके दिवस तग धरणे शक्य नव्हते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळीही माणसांच्या दफनांसोबत कुत्र्यांची दफने आढळली आहेत. ओबरकासेलचे पिल्लू पाहता, माणूस शेती करू लागण्यापूर्वीच कुत्र्याच्या आजारपणाने त्याची झोप उडवलेली होती.

हा लळा शरीरात कसा घडतो, याविषयी गेल्या काही वर्षांत बरेच समजले आहे. ऑक्सिटोसिन हे मेंदूत तयार होणारे संप्रेरक आई आणि तान्हे मूल यांच्यातील ओढ पक्की करते. जपानमधील मिहो नागासावा व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कुत्रा आणि त्याचा मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले तर दोघांच्याही लघवीतील ऑक्सिटोसिन वाढते, असे आढळले. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असे घडले नाही. या शोधाची नोंद घ्यायलाच हवी, पण वैदर्भीय घरातला प्रत्यक्ष आनंद त्याहून साधा असतो. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरातल्या कुत्र्याची जागा ठरलेली असते: कूलरच्या झोतासमोर, फरशीला पोट टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून. घरातल्या माणसाने त्या जागेवर चटई टाकली तर तो उठत नाही, चटईवरच सरकतो. गल्लीत दहा दुचाकी येतात-जातात आणि त्याचे कान हलत नाहीत. अकरावी घरची असली की फाटकाची कडी वाजायच्या आत तो दारात उभा असतो. मांजराचा स्वभाव वेगळा. ते माणसापेक्षा घराशी अधिक बांधलेले असते, पिल्ले सात घरे फिरवते अशी जुनी समजूत आहे, आणि धान्याच्या कोठीमागे व्यायचे की नव्या लेपाच्या खोळीत, हा निर्णय ते कुणालाही न विचारता घेते.

आनंद असा रोजचा असतो. आघात बहुधा पहिल्या महिन्यातच येतो. नागपूरहून किंवा ओळखीच्या कुणाकडून आणलेले महिनाभराचे पिल्लू आठवडाभर घर डोक्यावर घेते, नवव्या-दहाव्या दिवशी दुधाला तोंड लावत नाही, संध्याकाळी पिवळी उलटी करते आणि सकाळपर्यंत त्याला रक्तमिश्रित, विशिष्ट उग्र वासाची हगवण लागते. हा पार्व्हो होय. पार्व्होविषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि अवघ्या दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांतील एका विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. शरीरात जेथे पेशी वेगाने विभागत असतात तेथे तो वाढतो, म्हणून आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवर त्याचा मुख्य घाला पडतो. अस्तर गळून पडल्याने पाणी आणि रक्त वाहून जाते, आणि अस्थिमज्जा निकामी झाल्याने पांढऱ्या पेशी घटून आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि ऊब यांच्या बळावर पिल्लाला चार-पाच दिवस तगवायचे, एवढाच उपचार. तो वेळेवर मिळाला तर बरीच पिल्ले वाचतात, न मिळाल्यास बहुतांश दगावतात.

अशा घरांत ‘लस तर दिली होती’ हे वाक्य ऐकू येते आणि ते खोटे नसते. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निकामी करणारी रक्तातील प्रथिने, मिळतात. ही प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण लशीतील दुबळ्या केलेल्या विषाणूलाही ती रोगच समजून नष्ट करतात, त्यामुळे लस दिली तरी ती लागू पडत नाही. पुढे ती हळूहळू ओसरतात, आणि मध्ये काही दिवस असे येतात की रोग रोखण्यास ती अपुरी असतात आणि लस हाणून पाडण्यास मात्र पुरेशी असतात. हे दिवस कोणत्या पिल्लात कधी येतील हे सांगता येत नाही; म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लशीची मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. विक्रेत्याने दिलेली एकुलती एक ‘नाइन-इन-वन’ लस म्हणजे या मालिकेची फक्त सुरुवात असते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, असे २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांत सांगितले आहे. पण लहान पिल्लू अधिक गोंडस दिसते आणि ग्राहकालाही तेच हवे असते, हे या व्यवहारातले कटू सत्य आहे. त्यातही सर्वांत टाळता येण्याजोगे दुःख दुसऱ्या पिल्लाचे. पहिले गेल्यावर मुलांचे रडणे पाहवत नाही म्हणून पंधरा दिवसांत त्याच घरात, त्याच टोपलीत दुसरे आणले जाते, आणि विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकत असल्याने तेही त्याच वाटेने जाते. साध्या फिनाइलने हा विषाणू मरत नाही. त्यासाठी ब्लीचिंगचे पाणी लागते, आणि अंगणातल्या मातीवर तेही पुरेसे पडत नाही.

मोठ्या झालेल्या कुत्र्याला या प्रदेशात तीन गोष्टींचे भय असते. पहिली गोचीड. तपकिरी कुत्रागोचीड कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते पण अंडी घालते भिंतीच्या भेगांत आणि चौकटीच्या फटीत. एक मादी हजारांच्या संख्येत अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या चिमट्याने वेचून रॉकेलच्या डबीत टाकणारा मालक एकूण गोचिड्यांपैकी अगदी थोड्यांशीच लढत असतो. तिच्या चाव्यातून शिरणारा एर्लिकिया हा जिवाणू ताप आणतो आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटवतो. हिरड्या पांढुरक्या पडणे आणि नाकातून रक्त येणे ही त्याची प्रगत लक्षणे. डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा क्रम पूर्ण केल्यास बहुतेक कुत्री बरी होतात, पण पाचव्या दिवशी कुत्रा जेवू लागला की गोळ्या थांबतात. दुसरी गोष्ट ऊन. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, त्याची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर जाते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तो मार्गच अरुंद असतो. असा प्राणी मे महिन्यात वर्ध्यात आणून गच्चीवर बांधणे हे क्रौर्यच म्हणावे लागेल, बांधणाऱ्याचा हेतू कितीही प्रेमळ असो. कुत्र्याचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या पुढे गेले की अवयव निकामी होऊ लागतात. तेव्हा आधी नळाच्या पाण्याने भिजवून पंखा लावायचा आणि मग दवाखान्यात न्यायचे, हा क्रम चुकला तर वाटेतच सारे आटोपते. तिसरी गोष्ट साप. पावसाळ्यात शेतालगतच्या घरात नाग किंवा घोणस आली तर पुढे धावतो तो कुत्राच, आणि चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर माणसाला दिले जाणारे प्रतिसर्पविषच कुत्र्यालाही चालते. अडचण असते ती योग्य वेळेत ते देणारा पशुवैद्य सापडण्याची.

ही अडचण व्यवस्थेच्या घडणीत आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या डोळ्यांपुढे ठेवून उभारलेले आहे, आणि कृषिप्रधान जिल्ह्यात ते तसेच असणे रास्त आहे. कुत्र्याचे अवघड हाड जोडायचे किंवा मांजराचे पोट उघडायचे झाल्यास वर्ध्याची माणसे सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपूरकडे पाहतात. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे ते आता अंग आहे. जखमी आणि बेवारस प्राण्यांसाठी पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचा करुणाश्रम काम करतो. सावंगीचा विशेष असा की माणसांवर उपचार करणाऱ्यांची येथे दाटी आहे, आणि त्यामुळे एक वेगळाच धोका उद्भवतो: घराघरांत औषधांची माहिती असलेली माणसे असतात. तापलेल्या मांजराला अर्धी पॅरासिटामॉल देणे त्यांना सहज सुचते. मांजराच्या यकृतात हे औषध निरुपद्रवी करणारी रासायनिक यंत्रणा अत्यंत क्षीण असते. त्यातून निर्माण होणारी विषारी द्रव्ये रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, आणि तातडीने उतारा न मिळाल्यास मांजर दगावते. माणसासाठी सौम्य समजली जाणारी आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण करते आणि मूत्रपिंडे बिघडवते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मांजर नाही, एवढे ध्यानात ठेवलेले पुरे.

आता तिसऱ्या नात्याकडे, म्हणजे नाव असलेल्या पण घर नसलेल्या कुत्र्याकडे वळावे लागेल, कारण मालकीचा प्रश्न येथेच सर्वांत उघडा पडतो. रुग्णालयाच्या एका बाजूला नातेवाइकांच्या डब्यातली उरलेली पोळी कुत्र्याला घातली जाते आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा चावलेल्यांवर उपचार होतात. रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, चाव्याच्या जखमेतून शिरून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक असतो आणि त्याआधी लस घेतली तर जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घेणे आणि रक्त आलेल्या चाव्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, जखमेत टोचून घेणे, हे उपचाराचे तीन भाग. जुन्या पिढीच्या मनातली बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची भीती आता निराधार आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी विकसित केलेली ती लस या शतकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. आपण हाताने भरवलेले पिल्लू ‘नुसते दात लावते’, म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करणे ही लळ्याची सर्वांत महाग चूक होय, कारण लस न दिलेले पिल्लूही रेबीजने बाधित असू शकते.

या प्रश्नावर भारतातला एक मोठा वाद ज्यांच्यामुळे झाला ते गांधीजी पुढे १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. वाद मात्र त्याआधीचा, १९२६ चा आहे. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील साठ भटकी कुत्री मारवली, आणि अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून गांधीजींना विचारले गेले तेव्हा त्यांनी साराभाईंची बाजू घेतली. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला आणि गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून उत्तरे दिली. भटकी कुत्री हे समाजाच्या दयाळूपणाचे नव्हे तर अज्ञानाचे आणि आळसाचे लक्षण आहे, आणि दारात आलेल्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य मिळवणारा माणूस त्याच्या पालनाची जबाबदारी घेत नसेल तर ती दया नव्हे, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा मारण्याचा निष्कर्ष आज कायद्याला आणि विज्ञानाला दोघांनाही मान्य नाही: मारून रिकाम्या झालेल्या जागेत नवी, लस न दिलेली कुत्री येऊन बसतात. मात्र तुकडा आणि पालन यांत त्यांनी केलेला भेद शंभर वर्षांनंतरही खोडता आलेला नाही.

२००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे हा मार्ग ठरवला, आणि २०२३ च्या नियमांनी या कुत्र्यांना सामुदायिक प्राणी मानून त्यांना खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याचे काम स्थानिक रहिवाशांच्या संस्थांवर सोपवले. २०२५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पेटले. ११ ऑगस्टचा दिल्लीतील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने सौम्य केला. परंतु ७ नोव्हेंबरला न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून नसबंदी व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे सांगितले. महाविद्यालय आणि रुग्णालय यांभोवतीच उभ्या असलेल्या सावंगीसारख्या वस्तीवर या आदेशाचा थेट परिणाम होतो. आवारात पाच वर्षे राहिलेले, शांत, कान कापलेले (नसबंदी झाल्याची ती खूण) कुत्रे पकडून नेले जाते तेव्हा त्याला भरवणाऱ्यांचे दुःख खरे असते, आणि पहाटेच्या पाळीला जाताना मागे लागलेल्या टोळीमुळे दुचाकीवरून पडलेल्या परिचारिकेची भीतीही तितकीच खरी असते. त्या कुत्र्याला आपल्या खोलीवर न्यायला भरवणाऱ्यांपैकी कुणी पुढे आले, तर या दोन्हींतला झगडा बराच मिटतो. पण घरमालकाचा करार आड येतो.

राहिले ते अटळ दुःख. मध्यम आकाराचा कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो, ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा सात-आठच, आणि जपलेले मांजर पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे जो कुणी पाळतो तो बहुतेक वेळा आपल्या हयातीतच त्याला निरोप देतो. त्यातला सर्वांत कठीण क्षण म्हणजे दयामरणाचा निर्णय. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने डॉक्टरांनी विषाचे इंजेक्शन दिले, आणि त्यावरूनही त्यांच्यावर टीकेची झोड उठली. गोवधाचा आरोपही झाला. आजच्या पद्धतीत पशुवैद्य प्रथम गुंगीचे औषध देतो आणि कुत्रा गाढ झोपल्यावर शिरेतून भूल देणाऱ्या द्रव्याची अतिमात्रा देतो. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो आणि मग हृदय. डोळे मात्र उघडेच राहतात आणि काही मिनिटांनी एखादा खोल उसासा किंवा स्नायूंची थरथर होऊ शकते. ही जाणीव आधी करून दिली नाही तर मालकाला तो जिवंत असल्याचा भास होतो आणि तो भास वर्षानुवर्षे छळतो, म्हणून जाणते पशुवैद्य हे आधीच सांगतात.

त्यानंतरच्या शोकाला समाजात जागा नसते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही त्याची स्वतंत्र मांडणी केली, आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे उदाहरण त्यात नेहमी दिले जाते. सुतक नाही, दहावा-तेरावा नाही, कार्यालयात रजेचे कारण म्हणून सांगायची सोय नाही. सांगितलेच तर ‘दुसरा आण’ असा सल्ला मिळतो. घरातील मोठी माणसे मुलांना ‘तो शेतावर गेला’ असे सांगतात, आणि मूल आठवडाभर शेतावर जायचा हट्ट धरते. मृत्यू झाला हे सरळ सांगणे आणि पुरताना त्याला सोबत नेणे, हे बालमानसतज्ज्ञांच्या मते अधिक हिताचे. पुरण्याचा प्रश्नही वर्ध्यात सोपा नाही: येथील काळी माती मे महिन्यात दगडासारखी कडक होऊन भेगाळते आणि जुलैत कुदळीला चिकटून वर येते, आणि चार फुटांपेक्षा उथळ खड्डा गल्लीतली इतर कुत्री उकरतात. पार्व्हो किंवा रेबीजने गेलेल्या प्राण्याच्या बाबतीत ही खोली आणि वर चुना टाकणे हा आरोग्याचाही भाग ठरतो.

सावंगीत मात्र मृत्यूइतकाच नियमित असा आणखी एक वियोग आहे, आणि तो शैक्षणिक वर्षाबरोबर येतो. आंतरवासिता, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील सक्तीचे प्रशिक्षण, संपले की खोल्या रिकाम्या होतात. नवे भाडेकरू येतात आणि जिन्याखाली बसून राहिलेल्या कुत्र्याला नव्या नावाने हाक मारतात किंवा मारत नाहीत. त्याला सोबत न्यायचे ठरवले तर मार्ग आहे. रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करून कुत्र्याला बरोबर नेता येते, अन्यथा गार्डच्या डब्यातील श्वानपेटीत त्याची नोंदणी होते. प्रवासापूर्वी पशुवैद्याचे आरोग्य व लसीकरण प्रमाणपत्र लागते आणि नोंदणी एका प्रवाशाच्या तिकिटावर केली जाते. चौघांनी मिळून वाढवलेल्या कुत्र्यासाठी ते तिकीट कुणाचे, हे ठरायला वेळ लागतो: एकीच्या घरी आजीला दमा असतो, दुसऱ्याचे पदव्युत्तर प्रवेशाचे शहर ठरलेले नसते, तिसऱ्याच्या सोसायटीत भांडणे आधीच चालू असतात. म्हणून ही बोलणी शेवटच्या आठवड्यावर न टाकता, पिल्लू खोलीवर आणले त्या महिन्यातच करून लसीकरणाच्या पुस्तिकेत मालकाच्या रकान्यात एकच नाव लिहून टाकावे, असे अनुभवी पशुवैद्य सुचवतात. बहुतेक पुस्तिकांत तो रकाना पहिल्याच पानावर असतो.